गृहकर्ज घेतलंय? मग एक जाड बॉक्स फाइल आणा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीची मी सात वर्षं सेक्रेटरी आहे. पाणी, लिफ्ट आणि पार्किंगची भांडणं सोडली तर माझ्या दाराची बेल बहुतेक वेळा गृहकर्जाच्या कागदांसाठी वाजते. कुणाला एनओसी हवी असते, कुणाचं शेअर सर्टिफिकेट सापडत नसतं. गेल्या गणपतीत आरती झाल्यावर चौथ्या मजल्यावरचा मुलगा प्रसादाची वाटी हातात धरूनच मोबाइल पुढे करत म्हणाला, "काकू, चार वर्षं भरतोय आणि कर्ज संपायची तारीख पुढेच गेलीय. असं कसं?"

त्याला जे सांगितलं तेच इथे क्रमाने लिहिते. मी बँकेत नोकरी केलेली नाही, वकीलही नाही. स्वतःचं एक कर्ज फेडलंय आणि शेजाऱ्यांची वीसेक तरी बघितलीत. त्यातून एवढं कळलं की हप्ता कापून घ्यायला कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कधी विसरत नाही, बाकीचं सगळं विसरू शकते. म्हणून हिशेबाची आणि कागदांची एक प्रत आपल्या घरात हवी. बॉक्स फाइल त्यासाठी.

आधी समोर कोण आहे ते ओळखा

सँक्शन लेटरच्या, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्राच्या, माथ्यावरचं पूर्ण नाव वाचा. ती बँक आहे की 'हाउसिंग फायनान्स' कंपनी? दोघींचा नियमनकर्ता ऑगस्ट २०१९पासून रिझर्व्ह बँकच आहे. पण हाउसिंग फायनान्स कंपन्यांवर देखरेख नॅशनल हाउसिंग बँकेची असते आणि त्यांच्या तक्रारीही तिकडे जातात. व्याजाचं गणितही वेगळं. बँकांना १ ऑक्टोबर २०१९पासून नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराची, गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर), जोडावी लागतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांवर हे बंधन नाही. त्या आपापला 'प्राइम लेंडिंग रेट' ठरवतात.

आज समोर आहे तीच कंपनी शेवटपर्यंत राहील असंही धरू नका. दिवाण हाउसिंग दिवाळखोरीत गेली आणि २०२१मध्ये पिरामलकडे आली. एचडीएफसी लिमिटेड १ जुलै २०२३ला एचडीएफसी बँकेत विलीन झाली. अशा वेळी कर्जदार काल एका कंपनीचा असतो आणि आज दुसरीचा. शिवाय कर्जं विकलीही जातात. पैसा दुसऱ्या कुणाचा असतो, पण हप्ता गोळा करायचं आणि स्टेटमेंट द्यायचं काम जुनीच कंपनी करत राहते. करारात याची परवानगी तुम्ही सही करून दिलेली असते.

बदलाचं पत्र आलं की दोनच गोष्टी करायच्या. जुन्या खात्याचं शेवटचं स्टेटमेंट लगेच उतरवून घ्यायचं, आणि नव्या खात्याची सुरुवातीची बाकी त्याच्याशी रुपयापर्यंत जुळवायची. जुना लॉगिन बंद झाला की मागचा हिशेब मिळवायला हेलपाटे घालावे लागतात. आणि 'नव्या कंपनीसाठी मँडेट (खात्यातून हप्ता कापायची परवानगी) द्या' असा एसएमएस आला तर त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. शाखेत फोन करा, तोही सँक्शन लेटरवरच्या नंबरवर.

पहिल्या आठवड्यात मागून घ्यायचे कागद

रजिस्ट्रेशनच्या दिवशी माणूस दमलेला असतो, पेढे वाटायचे असतात, आणि कंपनीचा मुलगा चाळीस ठिकाणी सह्या घेऊन मोटरसायकलवरून निघून जातो. कराराची प्रत मात्र हातात पडत नाही. ती मागा. जोडपत्रांसकट मागा. १ ऑक्टोबर २०२४नंतरचं कर्ज असेल तर 'की फॅक्ट्स स्टेटमेंट'ही मिळायला हवं. त्यात खरा वार्षिक दर आणि सगळ्या फिया एका जागी लिहिलेल्या असतात.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे एलओडी, 'लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स'. तुमची कोणकोणती मूळ कागदपत्रं कंपनीने ताब्यात घेतली त्याची ही यादी. ओळ न् ओळ वाचा. मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), नोंदणीची पावती, शेअर सर्टिफिकेट त्याच्या नंबरासकट. मुंबईत रिसेलचा फ्लॅट असेल तर आधीच्या प्रत्येक मालकाचा करारनामाही असतो. आमच्या इमारतीत एका घराची अशी पाच करारनाम्यांची साखळी आहे. यादीत 'चेन अॅग्रीमेंट्स' एवढंच लिहिलं असेल तर मान्य करू नका. पाच म्हणजे पाच, तारखांसह लिहून घ्या. पंधरा-वीस वर्षांनी कागद परत घेताना तुमच्याकडे पुरावा असतो तो हाच.

त्याच वेळी व्याज कुठल्या तारखेपासून लावलंय तेही बघा. कर्जाचा चेक तयार होऊन कपाटात पडून राहतो, विकणाऱ्याच्या हातात आठ-दहा दिवसांनी जातो, आणि व्याज मात्र चेकवरच्या तारखेपासून सुरू झालेलं असतं. एप्रिल २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमक्या याच प्रकारावर बोट ठेवलं आणि जादा घेतलेलं व्याज परत करायला सांगितलं. ५० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी दहा दिवसांचं व्याज साडेअकरा हजारांच्या वर जातं. एका ईमेलमध्ये परत मिळत असेल तर का सोडायचं?

विम्याचंही तसंच. पुष्कळदा कर्जाच्या रकमेतच एकरकमी विम्याचा हप्ता मिसळलेला असतो आणि त्यावरही वीस वर्षं व्याज भरलं जातं. विमा असावा, माझं काही म्हणणं नाही. पण त्याच कंपनीकडून घेतला नाही तर कर्ज मिळणार नाही, असं सांगितलं तर लेखी द्या म्हणा. कुणी लेखी देत नाही. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते.

हप्ता तोच आहे, मग व्याज वाढलं तरी काय?

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. चौथ्या मजल्यावरच्या मुलाचं हेच झालं होतं.

त्याने २०२१मध्ये कर्ज घेतलं, तेव्हा रेपो दर ४ टक्के होता. मे २०२२पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ला साडेसहावर पोचला. गणित सोपं पडावं म्हणून ५० लाख धरू, सात टक्के आणि २० वर्षं. हप्ता बसतो ३८,७६५ रुपये. दर साडेआठ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर पहिल्या महिन्याचं व्याजच ३५,४१७ होतं. मुद्दलात जातात जेमतेम ३,३५०. २४० हप्त्यांचं कर्ज ३४७ हप्त्यांवर जातं, म्हणजे जवळजवळ नऊ वर्षं वाढली. आणि दर साडेनऊ झाला तर महिन्याचं व्याज ३९,५८३ होतं, हप्त्यापेक्षा जास्त! मग तुम्ही कितीही वर्षं भरा, कर्ज वाढतच राहणार. खिशातून जाणारी रक्कम बदलत नाही, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकाने याला वेसण घातली. आता दर बदलला की हप्ता वाढणार की मुदत वाढणार हे कळवावं लागतं, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. मुदत वाढवल्यामुळे हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं, त्यात आतापर्यंत फेडलेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर हवा.

त्या स्टेटमेंटमध्ये एकच आकडा बघायची सवय लावा: उरलेले हप्ते. माझ्या फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने चार रकाने आखले होते. तारीख, दर, बाकी मुद्दल, उरलेले हप्ते. तीन महिन्यांनी एक ओळ. तीन महिन्यांत उरलेले हप्ते तीनने कमी झाले तर सगळं ठीक. दोनच कमी झाले, किंवा उलट वाढले, तर त्याच दिवशी ईमेल.

आणि दर उतरताना? फेब्रुवारी ते जून २०२५ या पाच महिन्यांत रेपो पूर्ण एक टक्क्याने उतरला. रेपोला जोडलेल्या बँककर्जात तो फरक पुढच्या रिसेटला, म्हणजे ठरल्या वेळी दर बदलतो तेव्हा, दिसायला हवा. हाउसिंग फायनान्सचं कर्ज असेल तर वाट बघत बसू नका. नव्या गिऱ्हाइकाला काय दर देताय, एवढंच विचारा. जुन्यापेक्षा तो कमी असतो, हे मी जवळजवळ दर वेळी बघितलंय. मग 'कन्व्हर्जन'चा अर्ज द्यायचा, थोडी फी भरायची आणि खालच्या दरावर यायचं. आपणहून हे कुणी फोन करून सांगत नाही. त्या मुलाने दुसऱ्या आठवड्यात फी भरली, हप्ता दोन हजारांनी वाढवून घेतला, आणि मुदत पुन्हा वयाच्या साठीच्या आत आणली. त्याच्या आईने मला मोदक पाठवले, ते वेगळंच.

कंपनी अडून बसली तर कर्ज दुसरीकडे हलवता येतं. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. मात्र महाराष्ट्रात नव्या गहाणाची 'नोटीस ऑफ इंटिमेशन' पुन्हा नोंदवावी लागते, तिचं मुद्रांक शुल्क आणि नव्या कंपनीची प्रोसेसिंग फी धरून मगच हिशेब करा. कर्जाची शेवटची चार-पाच वर्षं उरली असतील तर ही यातायात सहसा परवडत नाही, कारण व्याजाचा मोठा वाटा आधीच भरून झालेला असतो.

पार्ट पेमेंट करताना, म्हणजे हप्त्याशिवाय जादा रक्कम भरताना, हप्ता कमी करायचा की मुदत, ते लेखी सांगा. काही न सांगता पैसे टाकले तर कंपनी तिला सोयीचं ते करते.

बांधकाम चालू असलेल्या घरासाठी कर्ज असेल तर एकच सूचना. 'प्री-ईएमआय' म्हणजे फक्त व्याज, त्याने मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही. बिल्डरने पुढचा टप्पा झाला म्हटलं की कंपनी पैसे सोडण्याआधी स्वतः साइटवर जाऊन स्लॅब मोजा आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची प्रगती बघा.

हप्ता चुकला तर

नोकरी बदलताना पगाराचं खातं बदलतं, जुन्या खात्यात पैसे नसतात आणि नॅच (खात्यातून आपोआप हप्ता कापायची सोय) परत जातो. मग दोन्हीकडून भुर्दंड, तुमची बँकही घेते आणि कर्जवालेही. नवं मँडेट लागू झाल्याचा मेसेज येईपर्यंत जुन्या खात्यात दोन हप्त्यांचे पैसे ठेवून द्या.

चुकलेल्या हप्त्यावर दंड लागतो, पण तो आता 'दंडात्मक शुल्क' म्हणूनच घ्यायचा. व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, असा नियम आहे. नव्या कर्जांना तो एप्रिल २०२४पासून लागू झाला, जुन्यांना त्याच वर्षीच्या जूनअखेरपर्यंत. स्टेटमेंटमध्ये 'पीनल इंटरेस्ट' असा शब्द अजून दिसला तर विचारा.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायचा नाही. तुमच्या सासूबाईंना किंवा ऑफिसातल्या साहेबांना धमकावायचा तर प्रश्नच नाही. फोन आला की नाव, वेळ आणि नंबर वहीत टिपा. आवाज चढवू नका. तक्रारीत ती वहीच कामाला येते.

तीन हप्ते थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, तिथून मात्र गंभीर. सरफेसी कायद्याच्या (गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करायचा कायदा) कलम १३(२)ची नोटीस ६० दिवसांची असते. बरेच जण घाबरून ती उघडतही नाहीत. उघडा, आणि त्या मुदतीत लेखी हरकत द्या. कंपनीला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर ताब्याची कारवाई झाली तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला ४५ दिवस असतात. इथे वकील हवाच, शेजारच्या काकू पुरत नाहीत. पण खरं सांगायचं तर हालचाल करायची वेळ असते ती याच्या कितीतरी आधी. पहिला हप्ता चुकणार हे कळलं त्याच आठवड्यात शाखेत जाऊन बसा. हप्ते पुन्हा बांधून घेणं तेव्हा जमतं, नोटीस आल्यावर फार अवघड होतं.

तक्रार कुठे आणि कशी

कॉल सेंटरवर भांडण्यात संध्याकाळ घालवू नका. "नोंद घेतली मॅडम" एवढंच पदरात पडतं. ईमेल करा. विषयात कर्ज खाते क्रमांक, आत तीन-चार ओळी: काय झालं, कधी झालं, काय हवंय. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता संकेतस्थळावर असतो. हाती पत्र दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. शाखेतला मुलगा म्हणेल, पोच द्यायची पद्धत नाही. तिथेच खुर्चीत बसून राहा. पाच मिनिटांत शिक्का सापडतो.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर पुढची पायरी. बँकेविरुद्ध असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे. अडलं तर १४४४८ हा मदतीचा नंबर आहे. हाउसिंग फायनान्स कंपनीविरुद्ध असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेच्या 'ग्रिड्स' पोर्टलवर. दोन्ही फुकट, दोन्हीकडे वकील लागत नाही. आधी कंपनीला लिहिल्याचा पुरावा मात्र लागतो, नाहीतर तक्रार उलट पावली परत येते. क्रेडिट रिपोर्टमध्ये चूक असेल तर तिची तक्रार वेगळी करायची. ती ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो मागवत जा.

कर्ज फिटलं, कागद कुठे?

हे माझ्यावर बेतलेलं, म्हणून सविस्तर सांगते.

२०२४च्या एप्रिलमध्ये आमचं कर्ज फिटलं. फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती भरायचे त्याचं पत्र, घेतलं, त्यावरच्या तारखेपर्यंतचं व्याज धरून पैसे भरले. १ डिसेंबर २०२३पासूनचा नियम असा की पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत सगळी मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि बोजाही, म्हणजे गहाणाची नोंदही, उतरवायची. उशीर झाला आणि चूक कंपनीची असेल तर दिवसाला ५,००० रुपये. मला वाटलं, शाखेतून उद्या घेऊन येऊ. तिथे कळलं की कागद मुंबईत नाहीतच, दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा गोदामात आहेत.

सत्ताविसाव्या दिवशी जाड लिफाफा आला. काउंटरवरच्या मुलीने सही करायला रजिस्टर पुढे सरकवलं. मी म्हटलं, "थांब गं, आधी मोजू दे." माझी एलओडीची प्रत काढली आणि एकेका ओळीवर पेन्सिलने खूण करत गेले. सातवी ओळ, शेअर सर्टिफिकेट. लिफाफ्यात नव्हतं. तिने संगणकात बघून सांगितलं की त्यांच्या नोंदीत ते आलेलंच नाही. माझ्या प्रतीवर त्यांचाच शिक्का, त्यांच्याच माणसाची सही, सर्टिफिकेटचा नंबरसुद्धा. ती बिचारी गप्प झाली. रजिस्टरवर मी 'शेअर सर्टिफिकेट वगळता मिळाले' असं लिहून मगच सही केली.

पुढे पत्र आलं, 'कागद गहाळ, शोध चालू'. कागद हरवला तर कंपनीने दुसरी प्रत काढून द्यायला मदत करायची आणि तिचा खर्चही सोसायचा, पण त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात. दुसरं शेअर सर्टिफिकेट काढणं म्हणजे पोलिसांत हरवल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र आणि सोसायटीच्या कमिटीचा ठराव. ठराव मांडणारी सेक्रेटरी मीच, अर्जदारही मीच. कमिटीत हसाहशी झाली.

बावन्नाव्या दिवशी सर्टिफिकेट सापडलं, दुसऱ्याच कुणाच्या फाइलीत. मी लिहिलं, हरवलंच नव्हतं तर जादा ३० दिवस कुठले? २२ दिवसांचे १,१०,००० रुपये द्या. शाखेने हात वर केले. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं, एलओडीची प्रत आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो जोडला. दोन महिन्यांनी रक्कम खात्यात जमा झाली. पत्र नाही, दिलगिरी नाही, पासबुकात फक्त एक ओळ.

तेव्हा कागद घेताना घाई नको. त्याच खेपेत 'नो ड्यूज' पत्र, न वापरलेले सही केलेले चेक, आणि विमा असेल तर उरलेल्या मुदतीची परताव्याची चौकशी उरकून घ्या. नॅच मँडेट तुमच्या बँकेतून रद्द करा, कर्ज फिटल्यावरही एक हप्ता कापला गेल्याचं मी बघितलंय. महिना-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टमध्ये खातं बंद दिसतंय का आणि सेरसाईच्या (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंदीतून गहाण उतरलंय का तेही बघा.

शेवटचं काम सोसायटीच्या ऑफिसात. 'नो ड्यूज'ची एक प्रत अर्जाला जोडून द्या आणि सभासदांच्या रजिस्टरमधली बोजाची नोंद काढायला सांगा. हे बहुतेक जण विसरतात, आणि दहा वर्षांनी घर विकायला निघाल्यावर खरेदीदाराचा वकील तेच पान उघडतो. आमच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढची नोंद खजिनदाराने लाल शाईने कापली, शेजारी तारीख घातली आणि पेन माझ्याच हातात दिलं, सेक्रेटरीची सही राहिली होती.